पोरगं ‘ढ’ नसतं, बायांनो



गेल्या वर्षी आमच्या गटाच्या मासिक बैठकीत एक ताई रडवेली होऊन म्हणाली, “पोरगा नववीतच शाळा सोडतो म्हणतोय. ढ आहे, काय करणार!” आम्हीही नुसत्या माना हलवल्या. याची आज आम्हाला लाज वाटते. कारण हाच मुलगा विहिरीवरची मोटर खोलून दुरुस्त करतो, डेअरीच्या दुधाचा हिशोब तोंडी सांगतो. फक्त पुस्तक उघडलं की अडखळतो. ‘भ’चा ‘म’ होतो, ‘ध’चा ‘घ’ होतो.

याला अध्ययन अक्षमता म्हणतात. बुद्धी चांगली असते, पण वाचणं, लिहिणं किंवा गणित फार जड जातं. हा आळस नव्हे, आईचा दोषही नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालं, तर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक अशा सवलती मिळतात.

पण वर्षानुवर्षं ‘ढ’ ऐकून खचलेलं मन प्रमाणपत्राने उभं राहत नाही. म्हणून आम्ही तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षिकेला गाठलं. दर शनिवारी दुपारी समाजमंदिरात सात मुलं-मुली गोल करून बसू लागली. नियम तीनच: कुणी कुणाला हसायचं नाही, इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, बोलावंसं वाटलं नाही तर गप्प बसायचं. आज सांगतोय तेही मुलांना विचारूनच.

दोन शनिवार कुणी तोंड उघडलं नाही. तिसऱ्यांदा एक मुलगी म्हणाली, “वर्गात धडा वाचायचा असला की माझं पोट दुखतं.” पलीकडून आवाज आला, “माझंपण!” मग एकेक बोलू लागलं. आपण एकटेच नाही, हे कळलं आणि अर्धं ओझं उतरलं. पुढे बाईंनी नाटुकल्यातून सराव घेतला: कुणी चिडवलं तर काय म्हणायचं, गुरुजींना “पुन्हा सांगा” कसं म्हणायचं. प्रत्येकाने आपल्याला येणारं एक काम इतरांना शिकवायचं, हेही ठरलं. त्या मुलाने मोटरचा स्टार्टर खोलून दाखवला.

तो आता दहावीत आहे. वाचताना अजून अडखळतो. पण वर्गात हात वर करतो.

बायांनो, आठवा, बँकेत पहिली सही करताना आपला हात कसा थरथरत होता! गटात बसूनच आपली भीड चेपली ना? मुलांनाही तसाच गोल हवा. आपल्या गावात असं मूल असेल तर शाळेत विशेष शिक्षकांची चौकशी करा. आणि घरात ‘ढ’ हा शब्द आजपासून बंद.