हवेवरचा ग्राइंडर घेताय? आधी हवा मोजा

वेल्डिंग मशीनच्या भागानंतर मोखाड्याकडच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. पोराचं आयटीआय झालंय, बोईसरला कंपनीत हवेवरचा ग्राइंडर चालवायची सवय आहे. आता घराच्या पडवीत स्वतःचं वर्कशॉप टाकायचंय. खिडकीच्या जाळ्या, गेट, शेतीची अवजारं आणि जमलं तर बोहाड्याच्या लाकडी मुखवट्यांचं कोरकाम. त्यानं विचारलंय, "दादा, हवेवरचा चांगला ग्राइंडर कोणता घेऊ?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे साठवलेले पैसे आहेत. दिवाळी झाली की आपल्या जव्हार-मोखाड्यातली किती घरं कुलूप लावून वीटभट्टीवर, बांधकामावर जातात, ते तुम्हाला माहीत आहे. घरी बसून धंदा उभा करणाऱ्या पोराची पहिली खरेदी फसली, तर त्याला पुन्हा तीच एसटी पकडावी लागते. म्हणून आजचा अख्खा भाग याच प्रश्नावर.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. ग्राइंडर सगळ्यात शेवटी निवडायचा. आधी आपल्याकडे हवा किती आहे ते मोजायचं.

कंपनीत काय असतं? भिंतीतून पाइप येतो, कपलर खटकन बसतो, लिव्हर दाबली की ग्राइंडर सुरू. दिवसभर चालवा, दम लागत नाही. कारण पलीकडच्या खोलीत भला मोठा कॉम्प्रेसर सगळ्या शॉपला हवा पुरवत असतो. तो आपल्याला दिसत नाही, त्याचं बिल आपण भरत नाही. घरी मात्र तो कॉम्प्रेसरही आपला आणि बिलही आपलं.

आता थोडं गणित. घाबरू नका, मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरे.

हवा मोजतात सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट. १ सीएफएम म्हणजे मिनिटाला साधारण २८ लिटर. आणि ही हवा लागते ९० पीएसआय दाबाला, म्हणजे सहा बारच्या थोडं वर. पिस्टनचा कॉम्प्रेसर १ एचपीमागे या दाबाला साडेतीन-चार सीएफएम हवा देतो. पाटीवर याहून मोठा आकडा दिसेल. तो बहुतेक वेळा पिस्टन डिस्प्लेसमेंटचा असतो, म्हणजे पिस्टन किती हवा ओढतो त्याचा. आपल्याला हवा तो आकडा एफएडीचा, म्हणजे खरोखर बाहेर किती हवा मिळते त्याचा. दुकानदाराला हाच विचारा.

ग्राइंडरच्या डब्यावरही अशीच गंमत. "सरासरी खप ४ सीएफएम" असं वाचून आपण खूश होतो. पण ही सरासरी बऱ्याचदा मिनिटात १५ सेकंदच टूल चालेल असं धरून काढलेली असते. सलग चालवलं तर खप चौपट, म्हणजे १६ सीएफएम, मिनिटाला साडेचारशे लिटर.

आता दोन्ही जोडून बघू. समजा १ एचपीचा कॉम्प्रेसर आहे, ५० लिटरची टाकी आहे. टाकी ८ बारवरून ६ बारवर उतरेपर्यंत साधारण १०० लिटर हवा मिळते. कॉम्प्रेसर मिनिटाला ११० लिटर भरतो, ग्राइंडर साडेचारशे ओढतो. हिशेब केला तर १८ सेकंदांत दाब खाली येतो. पुढे टाकी भरायला जवळजवळ एक मिनिट थांबायचं. १८ सेकंद काम, मिनिटभर बसून राहायचं. अशानं गेटचे जोड घासायला घेतले तर संध्याकाळ होईल.

सलग काम हवं तर ४-५ एचपीचा कॉम्प्रेसर लागतो, आणि ५ एचपीला बहुधा थ्री फेज. पाड्यावर घरात सिंगल फेजचं मीटर. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की बल्ब पिवळा होतो, आणि मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. तेव्हा ग्राइंडरचं मॉडेल बघण्याआधी वायरमनला घेऊन आपलं मीटर बघा.

मग हवेवरचा ग्राइंडर कुणी घ्यावा? ज्याच्याकडे पंक्चर किंवा स्प्रे पेंटिंगसाठी कॉम्प्रेसर आधीपासून आहे, आणि ग्राइंडिंग थोडं थोडं करायचंय, त्यानं जरूर घ्यावा. कोपऱ्यातला वेल्ड साफ करणं, भोकाची कडा मारणं, मुखवट्याच्या डोळ्याची खाच कोरणं, अशी दहा-पंधरा सेकंदांची कामं. तिथं या टूलसारखं दुसरं नाही. हलका असतो, मुठीत बसतो, जास्त दाबला तर मोटर जळत नाही, नुसता थांबतो. आणि हातातल्या टूलमध्ये वीज नसते.

ज्याला जाळ्या आणि गेटच बनवायचेत, त्यानं विजेवरचा चार इंची अँगल ग्राइंडर घ्यावा. सातशे-आठशे वॉटमध्ये सलग काम होतं. कोरकामासाठी विजेवरचा डाय ग्राइंडर किंवा फ्लेक्झिबल शाफ्टची मोटर मिळते. त्या मित्राच्या घरी अजून कॉम्प्रेसर नाही, मीटर सिंगल फेज. त्याला मी हेच सांगितलं.

आता ज्यांच्याकडे हवा आहे, त्यांनी दुकानात काय बघायचं ते ऐका.

पहिलं, आकार. सरळ डाय ग्राइंडर खोल जागेत जातो, कोरकामाला बरा. काटकोनी डोक्याचा सपाट वेल्ड घासायला बरा.

दुसरं, कोलेट, म्हणजे बर पकडणारा जबडा. आपल्याकडे ६ मिमीचे बर मिळतात, पण काही ग्राइंडर पाव इंची कोलेटचे येतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. फरक डोळ्यांना दिसत नाही, पण २० हजार फेऱ्यांना तो बर ढिला होऊन उडू शकतो. कोलेट आणि बर एकाच मापाचे घ्या.

तिसरं, लिव्हर. लॉक असलेली लिव्हर घ्या, म्हणजे टेबलावर ठेवताना चुकून दाबली जाणार नाही. हात सुटला की टूल बंद झालं पाहिजे.

चौथं, हवा बाहेर कुठून पडते. पुढून पडणारी हवा भुसा आपल्याच तोंडावर उडवते, आणि तिच्यासोबत तेलाचे बारीक शिंतोडे लाकडावर पडतात. तेल बसलेल्या लाकडावर रंग नीट धरत नाही. मुखवट्यासाठी मागून हवा सोडणारा ग्राइंडर बघा.

पाचवं, स्पिंडल बोटांनी हलवून बघा. बाजूला खेळत असेल तर परत ठेवा. चालवून बघू द्या म्हणावं. हाताला झिणझिण्या येत असतील तर तो ग्राइंडर नको. अशा थरथरीनं वर्षानुवर्षं काम केलं की बोटं बधिर होतात, थंडीत पांढरी पडतात.

सहावं, पार्ट. आतल्या रोटरच्या पट्ट्या, ज्यांना व्हेन म्हणतात, त्या झिजणारच. इंगरसोल रँड असो, शिकागो न्यूमॅटिक असो, की बिननावाचा स्वस्त माल असो, व्हेन आणि बेअरिंग नाशिकला किंवा पालघरला मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारा. पार्ट मिळत नसेल तर स्वस्त ग्राइंडर एका हंगामाचाच.

आता जिवाची गोष्ट. चार इंची कटिंग डिस्कवर साधारण १५,२०० आरपीएम असं छापलेलं असतं. डाय ग्राइंडर फिरतो २० हजारांच्या वर. जुगाड करून ती डिस्क त्याला लावली, तर तिच्यावरचा ताण सुमारे पावणेदोन पट होतो, कारण ताण वेगाच्या वर्गानं वाढतो. डिस्क फुटली की तिचे तुकडे डोळ्यात, गळ्यात जातात. डिस्कवरचा आकडा ग्राइंडरवरच्या आकड्यापेक्षा मोठाच हवा. लांब दांड्याचा बर असेल तर वेग कमी ठेवा, नाहीतर दांडा वाकतो. चष्मा, कानाला प्लग, भुशासाठी मास्क. सैल बाही आणि गळ्यातला गमछा बाजूला ठेवा.

शेवटचं, आपला पावसाळा. जव्हारच्या धुक्यात एक तास छोटा कॉम्प्रेसर चालवला, तर हवेबरोबर सव्वाशे-दीडशे ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात आत येतं. त्यातलं बरंच टाकीच्या तळाशी साचतं, उरलेलं ग्राइंडरमध्ये जाऊन गंज धरतं. म्हणून रोज काम संपलं की टाकीखालचा कॉक उघडून पाणी सोडा. पाइपवर पाणी अडवणारा फिल्टर बसवा. सुरू करण्याआधी हवेच्या तोंडातून एअर टूल ऑइलचे चार-पाच थेंब टाका. इंजिन ऑइल नको, ते जाड असतं, व्हेन चिकटतात. पाइप आतून १० मिमीचा घ्या. ६ मिमीच्या लांब पाइपात दाब वाटेतच मरतो, आणि आपण ग्राइंडरला नावं ठेवतो.

तर मंडळी, दुकानात जाताना तीन आकडे कागदावर लिहून न्या: कॉम्प्रेसरची एफएडी, ग्राइंडरचा सलग खप आणि आपल्या मीटरचा लोड. हे तीन जुळले तर पैसे काढा. जुळत नसतील तर चहा पिऊन परत या, ग्राइंडर कुठं पळून जात नाही.

तुमच्याकडे कोणता कॉम्प्रेसर आहे, त्याच्या पाटीचा फोटो पाठवा. पुढच्या भागात आपण त्या पाट्या वाचू. तोवर डोळे सांभाळा, बोटं सांभाळा. रामराम!