चंद्रसेनाचा विलंब

इ. स. १८८२ च्या जुलै महिन्याच्या १७ व्या तारखेस मुंबईच्या हायकोर्टानें 'केसरी' आणि 'मराठा' ह्या दोन पत्रांच्या संपादकांस चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा सांगितली. गोपाळ गणेश आगरकर तेव्हां नुकतेच २६ वर्षांचे झाले होते. बाळ गंगाधर टिळक त्यांचेच समवयस्क. शिक्षेपैकीं १९ दिवसांची सूट मिळून दोघे १०१ दिवसांनीं सुटले. डोंगरीच्या तुरुंगांतील त्या दिवसांत आगरकरांच्या हातून एक मोठें काम झालें, आणि तें म्हणजे शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकाचें मराठी रूपांतर. पुढें १८८३ सालीं तें 'विकारविलसित' ह्या नांवानें प्रसिद्ध झालें आणि डेन्मार्कचा राजपुत्र चंद्रसेन होऊन मराठी रंगभूमीवर आला.

हा तुरुंगवास कोल्हापूरच्या एका राजपुत्रापायीं घडला, हें येथें विसरतां येत नाहीं. १८७१ सालीं दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज त्या वेळीं अवघे १९ वर्षांचे होते. महाराजांचें चित्त भ्रमलें आहे असें कारभारी मंडळी म्हणत. त्यांचा छळ करून त्यांना वेडे ठरविण्यांत येत आहे असें बाहेरचे लोक म्हणत. कारभारी माधवराव बर्वे ह्यांच्यावर लोकांचा रोष होता. बर्व्यांच्या हातचीं म्हणून कांहीं पत्रें पुढें करण्यांत आलीं, आणि त्यांवर विसंबून पुण्याच्या ह्या दोघां तरुणांनीं कडक लेख लिहिले. बर्व्यांनीं अब्रूनुकसानीची फिर्याद केली. पत्रें बनावट ठरलीं. संपादकांनीं माफी मागितली, तरी शिक्षा टळली नाहीं.

आगरकरांनीं 'हॅम्लेट' निवडलें तें ह्या खटल्यामुळेंच, असें म्हणण्यास आधार नाहीं. मोठ्या ग्रंथांच्या निवडीला अशीं सोपीं कारणें नसतात. पण योगायोग तरी असा विलक्षण, कीं ज्याला अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवल्याबद्दल कोठडींत बसावें लागलें, त्याच्याच पुढ्यांत पुराव्यावांचून शस्त्र न उचलणाऱ्या नायकाचें नाटक होतें. आणि तो नायकही वेडा ठरलेला राजपुत्रच!

हॅम्लेटच्या विलंबाविषयीं युरोपांत फार लिहिलें गेलें आहे. गटेच्या मतें त्याचा जीव कोमल आणि कार्य जड. कोलरिजच्या मतें अतिविचारानें त्याची कर्तृत्वशक्ति आटून गेली. दोन्ही मतें विद्वानांचीं आहेत आणि दोन्ही थोडीं एकांगी आहेत. नाटकाकडे वकिलाच्या दृष्टीनें पाहिलें तर काय दिसतें? राजा सर्पदंशानें वारला असें सर्व राज्यास सांगण्यांत आलें आहे. खून झाला असें सांगणारा साक्षीदार एकच, आणि तोही पिशाच्च! त्याची जबानी मुलावांचून कोणीं ऐकलेली नाहीं. मृत पित्याचें रूप घेऊन एखादें सैतानी तत्त्व आपल्याला नरकांत तर ओढीत नाहीं ना, ही शंका हॅम्लेटला येते. ही शंका भित्र्याची नव्हे. एवढ्या आधारावर जो मुलगा चुलत्याच्या गळ्यावर तरवार ठेवील, त्याला शूर म्हणण्यापेक्षां अविचारी म्हणणेंच योग्य होईल. म्हणून तो नटांकडून खुनाचा प्रवेश करवितो आणि राजाच्या चेहऱ्यावर नजर ठेवतो. राजा मध्येंच उठून जातो. येथें पुरावा पुरा झाला.

येथपर्यंतचा विलंब समजण्यासारखा आहे. खरें कोडें ह्यापुढें सुरू होतें. राजा एकटा, गुडघे टेकून प्रार्थना करीत आहे. हॅम्लेट मागें उभा आहे. हात उचलला कीं काम झालें. तो उचलीत नाहीं. कारण काय, तर प्रार्थनेंत मेला तर हा पापी स्वर्गाला जाईल. ह्याला दारूंत, क्रोधांत किंवा विषयसुखांत गांठूं, म्हणजे तो थेट नरकांत पडेल. ज्यांना हॅम्लेट केवळ सौम्य व तत्त्वचिंतक वाटतो त्यांनीं हें स्वगत पुन्हा वाचावें. येथील विलंब दयेचा नाहीं. देहाचा वध त्याला पुरेसा वाटत नाहीं, आत्म्याचाही नाश हवा आहे. आणि नाटककाराची कुशलता अशी, कीं हॅम्लेट निघून गेल्यावर राजा उठतो व आपल्याला खरी प्रार्थना साधलीच नाहीं असें कबूल करतो. म्हणजे ज्या कारणासाठीं हात आवरला तें कारणच खोटें होतें.

त्याच रात्रीं, आईच्या महालांत, पडद्यामागें हालचाल होतांच हाच दीर्घसूत्री मनुष्य क्षणाचाही विचार न करतां तरवार खुपसतो आणि म्हातारा पोलोनियस मरतो. पुढें इंग्लंडच्या वाटेवर तो पत्र बदलून दोघां बालमित्रांना मरणाच्या दारीं धाडतो व त्याबद्दल त्याच्या मनाला टोंचणीही लागत नाहीं. तेव्हां ह्याला कृति करतां येत नाहीं हें म्हणणें टिकत नाहीं. त्याला कृति येते ती विकाराच्या झटक्यांत. विचार करून, निश्चयानें, योग्य माणसावर मात्र ती होत नाहीं. आगरकरांनीं नाटकाला दिलेलें नांव ह्या दृष्टीनें फार अर्थपूर्ण आहे. मनोविकारांचा विलास असें म्हणतांना नायकाच्या बुद्धीपेक्षां त्याच्या विकारांकडे बोट दाखविलें आहे, आणि तेंही बुद्धिवादी म्हणून गाजलेल्या लेखकानें!

मराठी घरांत वाढलेल्या मनाला ह्या ठिकाणीं महाभारत आठवल्यावांचून राहत नाहीं. शस्त्र खालीं ठेवणारा अर्जुन आपल्या परिचयाचा. पण त्याच्या रथावर श्रीकृष्ण होता, आणि शंका विचारतांच उत्तर मिळत होतें. हॅम्लेटच्या रथावर कोणी नाहीं. होरेशिओ मित्र खरा, परंतु तो ऐकणारा आहे, सांगणारा नाहीं. दुसरें टोंक अश्वत्थाम्याचें. त्याच्याही पित्याचा वध कपटानें झाला. त्यानें मात्र फार विचार केला नाहीं. रात्रीं पांडवांच्या शिबिरांत शिरून त्यानें निजलेल्यांची कत्तल केली, आणि द्रौपदीचे पांच निरपराध पुत्र त्यांत गेले. सौप्तिकपर्व वाचून झाल्यावर हॅम्लेटच्या विलंबाला नांवें ठेवणें जरा जड जातें.

राणीच्या पुनर्विवाहाचा प्रश्न त्या काळच्या प्रेक्षकाला अवघड गेला असेल. विधवाविवाहाचा कैवार घेणाऱ्या आगरकरांनीं विधवा राणीच्या पुनर्विवाहावर चिडलेला नायक मराठींत आणावा, ही गंमत खरीच. परंतु हॅम्लेटचा संताप दिराशीं झालेल्या लग्नाचा आणि त्या लग्नाच्या घाईचा आहे. पित्याच्या मृत्यूला दोन महिनेही लोटले नव्हते.

पुस्तक निघालें त्या काळीं संगीत नाटकांची लाट नुकतीच उसळली होती. किर्लोस्करांचें 'शाकुंतल' १८८० चें. अशा दिवसांत पदांच्या आधारावांचून केवळ स्वगतांवर उभें असलेलें हें गद्य नाटक शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनीं लोकप्रिय केलें. १९२२ सालीं ते वारले, तरी त्यांचा चंद्रसेन पाहिलेल्यांच्या तोंडीं पुढें कित्येक वर्षें होता.

ज्यांच्यासाठीं आगरकर-टिळक तुरुंगांत गेले ते शिवाजी महाराज मात्र सुटले नाहींत. 'विकारविलसित' प्रसिद्ध झालें त्याच १८८३ सालीं, डिसेंबरच्या २५ तारखेस, अहमदनगरच्या किल्ल्यांत पहाऱ्यावरील एका गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत त्यांचा अंत झाला. वय २० वर्षांचें. पुढल्या मार्चांत कागलच्या घाटगे घराण्यांतील यशवंतराव दत्तक आले. तेच शाहू महाराज.

नाटकांतही गादी शेवटीं दुसऱ्याच घराकडे जाते. मरतांना हॅम्लेट आपलें मत फॉर्टिन्ब्रासला देतो. ह्या फॉर्टिन्ब्रासच्या बापाला हॅम्लेटच्याच बापानें द्वंद्वांत ठार केलें होतें. त्याचा सूड घेण्यासाठीं त्यानें सैन्य जमविलें होतें. चुलत्यानें दटावतांच तो बेत सोडून तो पोलंडवर चालून गेला होता. परततांना तो डेन्मार्कच्या दरबारांत येतो, तेव्हां सिंहासनाभोंवतीं चार प्रेतें पडलेलीं असतात.