पोहे-जिलबीचा दुहेरी मफलर
(गणेशोत्सवातील हस्तकला कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीत सुया-लोकर कशाला, असं काहींना वाटेल. पण दिवाळी झाली की भोपाळची थंडी आलीच. मफलर आज सुरू केला तर तोवर होतो.

वांगी, डाळिंबी, पिस्ता, बदामी, आमसुली; आपल्या रंगांना नावं खाण्याचीच. म्हणून आम्ही घरच्यांनी रंग घेतले इथल्या न्याहारीचे. एक बाजू पोह्यांची पिवळी, दुसरी जिलबीची केशरी.

साध्या विणीला सुलट आणि उलट अशा बाजू असतात. दुहेरी विणीत दोन पदर पाठीला पाठ लावून एकदमच तयार होतात, आणि दोन्हींची सुलट बाजू बाहेर राहते. ३० टाक्यांची रुंदी हवी तर सुईवर ६० टाके घ्यावेत. पहिला टाका पिवळ्याने सुलट, तेव्हा दोन्ही धागे मागे. दुसरा केशरीने उलट, तेव्हा दोन्ही धागे पुढे. अशी जोडी-जोडीने ओळ पुरी करायची. परतीच्या ओळीत केशरी सुलट, पिवळा उलट. जिथे जिलबी उमटवायची, तिथे जोडीतल्या रंगांची अदलाबदल. ही वीण सैल पडते, म्हणून सुया नेहमीपेक्षा थोड्या बारीक घ्याव्यात.

जिलबी आधी चौकटींच्या कागदावर काढावी. आमच्या डिप्लोमाचा इथे उपयोग झाला! टाका उंचीपेक्षा रुंद असतो, म्हणून चित्र उभट हवं. १८ टाक्यांना साधारण २४ ओळी धरल्या की गोल उतरतो. मागे तीच जिलबी पिवळी दिसते आणि तिचा वळसा उलट दिशेला फिरतो.

दोन्ही बाजूंनी मिरवावं असं कापड आपल्याला नवं नाही. आपल्या नगराला ज्यांचं नाव आहे त्या तात्या टोपेंचं जन्मगाव येवला. तिथल्या पैठणीची नक्षी दोन्हीकडून सारखी दिसते. इथल्या महेश्वरी साडीचे काठही उलटसुलट नेसता येतात.

आपली मुलं शाळेत हिंदी बोलतात, घरी मराठी. हळूहळू मराठी ही 'आतली' बाजू होते, चारचौघांत झाकायची. तसं होऊ नये, ही आमची कळकळ. आजीजवळ बसून मुलाने, मुलीने चार ओळी विणल्या, तर टाक्यांबरोबर चार मराठी शब्दही येतील. सुया फक्त मुलींच्याच हाती द्याव्यात असंही नाही. आम्ही पुरुषमंडळीही विणतो.

एक शेवटची सूचना. प्रत्येक ओळ सुरू करताना दोन्ही धाग्यांना एकमेकांचा एक पीळ द्यावा. तो राहिला तर कड उघडी पडते, दोन पदर सुटे होतात. पीळ लहानच असतो, पण दर ओळीला द्यावा लागतो.

सुया आणि जादा लोकर आम्ही आणली आहे. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी आरतीनंतर थांबावं.

गणपती बाप्पा मोरया!