दूध डेअरीला गेलं, मग आपल्या ताटात काय?



मागच्या महिन्यात आमच्या गटानं तालुक्याच्या बाजारात जेवणाचा स्टॉल लावला होता. शहरातून आलेल्या एका मुलीनं विचारलं, “दूध, दही, तूप काहीच नसलेलं जेवण मिळेल का?” आम्ही एकमेकींकडं बघत राहिलो. आता नाही म्हणणार, तोच गटातल्या एक मावशी म्हणाल्या, “अगं, आपण रोज तेच तर खातो!” मग तिला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा आणि जवसाची चटणी वाढली. पोरगी पोटभर जेवली.

अशा जेवणाला शहरात ‘व्हीगन’ म्हणतात. त्यात मांस-अंडी नाहीत, दूध-तूप नाही, मधसुद्धा नाही.

त्या वेळी आम्ही हसलो, पण मावशींचं बोलणं मनात राहिलं. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या दारात म्हैस आहे. धार आपणच काढतो. दूध डेअरीला जातं, राहिलेलं लेकरांना. आपल्या वाट्याला भाकरी, चटणी आणि तळाचं पातळ वरण. ती मुलगी ठरवून तसं खाते, आपण उरलं म्हणून खातो. म्हणून आपलं ताटही आता ठरवून भरू या.

नुसत्या भाकरी-चटणीवर भागत नाही. ज्वारीच्या प्रथिनात जे कमी असतं, ते डाळ भरून काढते. म्हणून भाकरीसोबत वाटीभर घट्ट वरण, पिठलं किंवा मटकीची उसळ हवीच. लातूरची तूरडाळ दूरदूर जाते आणि आपल्याच घरात वरण पाण्यासारखं, हे बरं नाही.

सोयाबीनची सगळी पोती विकू नका, चार-पाच किलो घरी ठेवा. कच्चं मात्र दळू नका. उकळत्या पाण्यात 20-25 मिनिटं शिजवा, कडक वाळवा आणि 9 किलो धान्यात 1 किलो टाकून दळा. पालेभाजीवर लिंबू पिळा, त्यानं भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा नको, तो लोह अडवतो.

एक सावधगिरी सांगतो. बी-12 हे जीवनसत्त्व झाडपाल्यातून मिळत नाही. दूध पूर्ण सोडायचं असेल तर डॉक्टरांना विचारून बी-12 च्या गोळ्या घ्याव्या लागतात. गरोदर बाईचं आणि लेकरांचं दूध आपल्या मनानं बंद करू नका.

ढाब्यावर गेलो तर पनीरच मागवलं पाहिजे असं नाही. पिठलं, भरीत, भाकरी मागवा. तूप-मलई नको असेल तर आधीच सांगा.

आणि शेताचंही बघा. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलो नाही. उसाला सारखं पाणी लागतं. रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते, वर जनावरांना कडबा देते. निदान घरापुरती तरी ज्वारी पेरू या.

आमच्या गटानं दोन गोष्टी ठरवल्यात. वरण घट्ट करायचं आणि स्वतःचं ताट सगळ्यांच्या सोबतच वाढून घ्यायचं. पहिले दोन दिवस अवघडल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी एकीच्या सासूबाईच म्हणाल्या, “ये, बस. वरण गार होतंय.”

तुम्हीही आज बसून बघा.