गोठ्यातलं बाईला ठाऊक, मग डॉक्टरांशी बोलायचं कुणी?



आज आपण बोलणार आहोत जनावरांच्या दवापाण्याबद्दल. हा विषय आमच्याकडे निघाला तो हप्त्यांच्या हिशेबातून. आमच्या गावातल्या बचत गटांतून शेळी आणि गाईसाठी कर्ज घेतलेल्या बायका पुष्कळ आहेत. ज्यांचे हप्ते मागे राहिले त्यांना कारण विचारलं, तर उत्तरं सारखीच यायला लागली. कुणाची शेळी मेली, कुणाची गाय आटली, कुणाचे औषधातच पैसे गेले. मग आम्ही ठरवलं, की प्रत्येकीनं आपल्या जनावराला उपचार कसा मिळाला ते सांगायचं. चांगलं असेल ते चांगलं म्हणून, वाईट असेल ते वाईट म्हणून. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी चांगलं सांगू. एका ताईची गाय तिसऱ्या वेताला व्याली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बसली ती उठेना. ताईनं स्वतः फोन लावला आणि सांगितलं, "काल व्यायली आहे, दूध भरपूर देते, आता कान गार लागतात, मान पोटाकडे वळवून बसली आहे." डॉक्टरांना फोनवरच अंदाज आला. हा दुग्धज्वर. नाव ज्वर असलं तरी यात ताप नसतो, उलट अंग गार पडतं. व्याल्यावर एकदम दूध सुटतं आणि रक्तातलं कॅल्शियम कमी होतं, म्हणून गाय बसते. डॉक्टर कॅल्शियमची बाटली बरोबर घेऊनच आले, शिरेतून हळूहळू सोडली, आणि तासाभरात गाय उभी राहिली. ती बाटली घाईनं सोडली तर हृदयावर ताण येऊन जनावर जागेवरच जाऊ शकतं. म्हणून हे काम घरच्या माणसानं किंवा शिकलेला नसलेल्या कुणी करायचं नाही.

दुसरा चांगला अनुभव २०२२ सालचा. लम्पीची साथ आली तेव्हा गाई-बैलांच्या अंगावर गाठी उठत होत्या, पाय सुजत होते. त्या वेळी सरकारी दवाखान्याची माणसं दावणीला येऊन फुकट लस टोचून गेली. ती लस होती शेळ्यांच्या देवीची, पण लम्पीचा विषाणू त्याच कुळातला असल्यानं ती गाईंना उपयोगी पडते. लस म्हणजे "सुई टोचली की दूध आटतं" असं आमच्यातल्या काहींना वाटायचं. एखाददुसरा दिवस दूध थोडं कमी होऊ शकतं, हे खरं आहे. पण जुन्या आज्यांना बुळकांडी आठवत असेल. गोठेच्या गोठे रिकामे करणारा तो रोग लसीकरणानं २०११ साली साऱ्या जगातून संपला. लसीची ताकद अशी आहे.

आता वाईट. एका घरात आठवडी बाजारातून नवी शेळी आणली. चार दिवसांनी तिच्या नाकातून पाणी वाहायला लागलं, मग हगवण लागली. पिशवी घेऊन फिरणारे एक जण आले, इंजेक्शन दिलं, पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. औषधाचं नाव नाही, चिठ्ठी नाही. तिसऱ्या दिवशी शेळी गेली, आणि आठवड्याभरात त्याच आळीतल्या आणखी शेळ्या तशाच आजारी पडल्या. तो पीपीआर होता. तोंडात फोड, ताप, हगवण आणि खोकला अशी त्याची लक्षणं, आणि तो झपाट्यानं पसरतो. नवी शेळी आणल्यापासून खोकते आहे, हे घरातल्या ताईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण तिला कुणी विचारलं नाही, आणि बोलणं झालं ते बाहेर ओट्यावर पुरुषांशी.

दुसऱ्या एका घरातली शेळी मालक दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून खात नाही? मालक म्हणाले, "दोन दिवस झाले असतील." खरे झाले होते पाच. गाभण आहे का? "नसावी." होती, तीन महिन्यांची. पुढे ती गाभडली. औषधानं की आजारानं, ते आता कुणीच सांगू शकत नाही, कारण काय दिलं त्याची चिठ्ठी नाही. पण काही औषधं गाभण जनावराला चालत नाहीत, म्हणून ती गोष्ट आधी सांगणं फार गरजेचं असतं.

हे सगळे अनुभव शेजारी शेजारी ठेवले तेव्हा आम्हाला एक गोष्ट स्पष्ट दिसली. धार काढते बाई, शेण उचलते बाई, चारा टाकते बाई. गाईनं आज पेंड सोडली, शेळीची लेंडी पातळ झाली, कास एका बाजूनं गरम लागते, हे आधी कळतं ते तिला. आणि डॉक्टरांसमोर उभा राहतो दुसराच कुणी. मुकं जनावर बोलत नाही. त्याच्या वतीनं जिला बोलता येतं तीही गप्प बसली, तर डॉक्टर कितीही हुशार असले तरी अंधारातच चाचपडणार. म्हणून जी धार काढते तिनंच डॉक्टरांशी बोलायचं. दवाखान्यात जाणं जमलं नाही तर निदान फोनवर बोलायचं, नाहीतर कागदावर लिहून पाठवायचं.

काय सांगायचं? खाणं आणि रवंथ कधीपासून बंद आहे. शेण किंवा लेंडी कशी आहे. गाभण आहे का, किती महिन्यांची, की नुकतीच व्यालेली आहे. ताप किती आहे. गोठ्यात नवीन जनावर आलं आहे का, दुसरं कुणी आजारी आहे का. आणि आधी काय औषध, काढा किंवा इंजेक्शन दिलं आहे. घरचा काढा दिला असेल तर तो लपवायचा नाही. ताप बघायला गटानं एक थर्मामीटर जनावरांसाठी वेगळा ठेवावा. तो गुदद्वारात लावून बघतात. गाईचा नेहमीचा ताप १०१ ते १०२ फॅरनहाइटच्या आसपास असतो, शेळीचा थोडा जास्त. निरोगी असताना एकदा बघून ठेवला, की आजारपणात फरक लगेच कळतो.

काढ्याबद्दल आणखी एक. नळीनं किंवा बाटलीनं पाजताना जनावराची मान फार उंच करायची नाही आणि जीभ ओढून धरायची नाही. ठसका लागला की औषध फुफ्फुसात जातं, आणि साध्या पोटफुगीचं जनावर निमोनियानं मरतं. आडवं पडलेलं, गिळता न येणारं जनावर असेल तर तोंडानं काहीच द्यायचं नाही.

आता डॉक्टरांना काय विचारायचं ते ऐका. चारच प्रश्न आहेत. एक, आजार कोणता वाटतो? दोन, औषधाचं नाव लिहून द्याल का? तीन, दूध किती दिवस वापरायचं नाही? चार, बाकीच्या जनावरांना आणि घरातल्या माणसांना धोका आहे का?

तिसरा प्रश्न कुणी विचारतच नाही. कासदाहाला, म्हणजे आपण दगडी म्हणतो तिला, अँटिबायोटिक देतात. ते दुधात उतरतं आणि उकळून सगळं जात नाही. किती दिवस थांबायचं ते औषधागणिक वेगळं असतं, म्हणून विचारायलाच हवं. ते दूध डेअरीला नाही घालायचं आणि लेकरांनाही नाही द्यायचं. चार दिवसांचं दूध टाकताना जीव तुटतो, हे आम्हालाही कळतं. पण दगडी लवकर ओळखली तर औषधाचे दिवसही कमी लागतात. म्हणून धार काढताना पहिल्या चिळा वेगळ्या भांड्यात काढून गुठळी दिसते का ते पाहत जा.

चौथा प्रश्न तर आपल्याच जिवाचा आहे. गाय-म्हैस गाभडली किंवा वार अडकली, तर आपण उघड्या हातानं ती साफ करतो. ब्रुसेलोसिस नावाचा रोग अशा वेळी आपल्याला होऊ शकतो. मग येणारा-जाणारा ताप आणि सांधेदुखी महिनोन् महिने पाठ सोडत नाही. हातमोजे घाला, ते नसतील तर प्लॅस्टिकची धड पिशवी तरी हाताला बांधा. गाभडलेलं लांब खोल पुरा, साबणानं हात धुवा, दूध उकळूनच प्या. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना या रोगाची लस आयुष्यात एकदाच देतात.

काही तक्रारींत आमच्या बोलण्यापेक्षा व्यवस्थेचाच दोष होता. एकाच सुईनं सगळ्या आळीच्या शेळ्या टोचल्या गेल्या, तिथं सुई बदला म्हणून सांगायचा आपल्याला हक्क आहे. पैसे दिले तर पावती मागायचाही हक्क आहे. पण दवाखान्याला कुलूप दिसतं तेव्हा दुसरी बाजूही पाहावी लागते. एका डॉक्टरकडे कितीतरी गावं असतात, काही ठिकाणी जागा रिकाम्या असतात. एकटी बाई भांडून हे सुटत नाही. गटानं मिळून अर्ज दिला, तर त्याचं वजन पडतं.

आमच्याकडे लसीचं शिबिर सकाळी ११ वाजता लागायचं. त्या वेळी शेळ्या रानात आणि बायका मजुरीला. मग कागदावर नोंद व्हायची, की मालकांनी शेळ्या आणल्या नाहीत. आम्ही पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना सगळ्या गटांच्या सह्यांचा अर्ज दिला. त्यांनी अडचण सांगितली. लस बर्फात आणावी लागते, एका बाटलीत पुष्कळ शेळ्यांचे डोस असतात, आणि बाटली एकदा कालवली की थोड्या वेळात संपवावी लागते. चार शेळ्यांसाठी बाटली फोडली तर बाकीची वाया जाते. ते पटलं. आम्ही आळीवार शेळ्यांची यादी करून दिली, त्यांनी शिबिर सकाळी ७ वाजता घेतलं. दोन तासांत काम झालं, आणि कुणाची मजुरी बुडाली नाही.

लसींचे दिवस लक्षात ठेवा. घटसर्प, फऱ्या आणि शेळ्यांचा आंत्रविषार यांच्या लसी पावसाळ्याच्या आधी, मे-जूनमध्ये. लाळ्या-खुरकूताची दर ६ महिन्यांनी. पीपीआरची एकदा दिली की साधारण ३ वर्षं पुरते, पण दर वर्षी जन्मणारी करडं तीन-चार महिन्यांची झाली की त्यांना द्यावीच लागते. बाजारातून आणलेली शेळी दोन-तीन आठवडे वेगळी बांधा.

कानातला १२ आकडी टॅगही जपा. २०२४ पासून राज्यात टॅग नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीवर आणि सरकारी दवाखान्यातल्या सेवेवर बंधन आलं आहे. विम्यालाही तोच लागतो. आमच्यातल्या एकीच्या गाईचा टॅग काटेरी कुंपणात तुटला, नवा लावायचा राहिला, आणि गाय गेल्यावर विम्याचे पैसे अडकले. टॅग पडला तर लगेच दवाखान्यात सांगा. विमा असलेलं जनावर दगावलं, तर पुरण्याआधी विमा कंपनीला आणि दवाखान्याला कळवा, शवविच्छेदन करून घ्या. आणि टॅगची नोंद कुणाच्या नावानं आहे तेही बघा. कर्ज बाईनं घेतलं असेल, तर नोंदही तिच्याच नावानं असू द्या.

अडीअडचणीला १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा. आज घरी गेल्यावर तो गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा.

शेवटी एकच काम सांगतो. गटाच्या पुढच्या बैठकीला एक साधी वही आणा. एकेका जनावराला एकेक पान द्या. टॅगचा नंबर, व्याल्याची तारीख, लसीची तारीख, आजार, औषध, झालेला खर्च, एवढंच लिहायचं. जिला लिहिता येत नाही तिचं पान शेजारणीनं किंवा शाळेत जाणाऱ्या लेकीनं लिहावं. जनावर आजारी पडलं की ती वही घेऊन डॉक्टरांपुढे उभं राहायचं आणि आपण स्वतः बोलायचं. हप्त्याची वही आपण इतकी वर्षं चोख ठेवली, मग ही का जमणार नाही?

तुमच्या गावात काय अनुभव आला ते आम्हाला जरूर कळवा. तुमची दावण भरलेली राहो.