वाचनाकडून आकलनाकडे : संगणकावरील विचारचित्रे
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



तिसरी-चौथीतील एखादे मूल धडा खडाखडा वाचून दाखवते आणि पालकांच्या मुखावर समाधान पसरते. परंतु पुस्तक मिटून ‘असे का घडले?’ एवढेच विचारले, की ते मूल गप्प होते. अक्षरे ओठांपर्यंत आलेली असतात. अर्थ मनापर्यंत पोहोचलेला नसतो. पुढील इयत्तांत इतिहास, भूगोल, विज्ञान हे सारे विषय वाचूनच शिकावयाचे असतात. त्यामुळे ही उणीव वर्षागणिक वाढत जाते.

तत्त्वार्थसूत्राने स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचणे ही केवळ पहिली पायरी. शंका विचारणे, चिंतन करणे, घोकणे आणि दुसऱ्यास सांगणे या त्यापुढील होत. शालेय वाचन मात्र बहुधा पहिल्या पायरीवरून थेट पाठांतरावर उडी घेते. पृच्छना आणि अनुप्रेक्षा मागे राहतात. त्या साधण्याचे एक सोपे साधन म्हणजे ग्राफिक ऑर्गनायझर, अर्थात विचारचित्र : चौकटी, रकाने आणि बाण यांनी केलेली आशयाची मांडणी.

व्यापारी कुटुंबांना ही कल्पना परकी वाटू नये. रोजकीर्दीत व्यवहार घडले त्या क्रमाने उतरतात. पण कोणाकडून किती येणे आहे, हे खतावणी केल्यावरच कळते. धडा ही रोजकीर्द, विचारचित्र ही त्याची खतावणी. आपल्या परंपरेतील लेश्यावृक्षाचे चित्रही याच जातीचे आहे. जांभळाचे एकच झाड आणि सहा भुकेले वाटसरू. पहिला ते मुळासकट तोडू पाहतो. अखेरचा खाली पडलेली फळे वेचून तृप्त होतो. कृष्णलेश्येपासून शुक्ललेश्येपर्यंतचा भावांचा क्रम निरक्षर श्रावकासही त्यातून उमगतो.

आधुनिक शिक्षणशास्त्रानेही ही वाट अभ्यासपूर्वक धरली. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात संकल्पना-नकाशाची पद्धत विकसित केली. १९८६ मध्ये डोना ओगल यांनी तीन रकान्यांचा तक्ता मांडला : काय ठाऊक आहे, काय जाणून घ्यावयाचे आहे आणि काय समजले. २००० साली त्या देशाच्या नॅशनल रीडिंग पॅनेलने वाचन-आकलनाच्या परिणामकारक पद्धतींत विचारचित्रांचा समावेश केला. प्रश्न विचारणे, सारांश सांगणे, गोष्टीची रचना ओळखणे याही त्याच यादीत होत्या.

वर्गात हे कसे करावे? भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट घ्यावी. पडद्यावर चार रिकाम्या चौकटी असाव्यात : कोण, कुठे, अडचण, उपाय. मुले म्हातारी, जंगल, वाट अडवणारे प्राणी आणि भोपळा त्यांत भरतील. खरा धडा त्यानंतर सुरू होतो. ‘अडचण’ आणि ‘उपाय’ यांना जोडणाऱ्या बाणावर ‘का?’ असे लिहावे. उत्तर शोधण्यासाठी मुले पुन्हा गोष्टीकडे वळतात, तीच अनुप्रेक्षा.

हे फळ्यावरही साधते. संगणकाचा लाभ एवढाच, की चुकलेली चौकट न खोडता सरकवता येते, लिहिण्यात मागे असलेले मूल चित्र किंवा स्वतःचा आवाज जोडू शकते आणि कालचे चित्र जतन करून आज सुधारता येते.

येथे तीन पथ्ये पाळावीत. पहिले, भरलेले चित्र मुलांना आयते देऊ नये. शिक्षकाने किंवा यंत्राने केलेली खतावणी मुलाच्या कामाची नाही. दुसरे, एकाच प्रोग्रॅमवर विसंबू नये. गूगलचा जॅमबोर्ड अनेक शाळांनी स्वीकारला होता. तो २०२४ च्या अखेरीस बंद झाला. ‘सीमॅप टूल्स’सारखी विनामूल्य साधने आहेत, पण टिकते ती पद्धत. तिसरे, ज्याला अक्षरओळखच कच्ची आहे त्याला आधी वाचते करावे. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला नाही. चौकटी त्या वाचनाची जागा घेऊ शकत नाहीत.

समाजातील दाते शाळांना संगणक आणि प्रोजेक्टर उदारपणे देतात. दात्याचे नाव कोरले जाते, यंत्रावर आच्छादन चढते आणि पुष्कळदा ते तसेच राहते. म्हणून यंत्राच्या देणगीबरोबर शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठीही रक्कम राखून ठेवावी आणि वर्षअखेरीस किती यंत्रे दिली याऐवजी किती मुले वाचलेले समजून सांगू लागली, हे विचारावे. आहार, औषध, अभय आणि ज्ञान या चार दानांपैकी ज्ञानदान घेणाऱ्याच्या मनात उतरल्याखेरीज पूर्ण होत नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात एवढा संकल्प झाला, तर तो पुढील पन्नास वर्षांची पुंजी ठरेल.

जय जिनेंद्र!