घराचा कागद

आम्ही कायदा शिकलो तो भंडाऱ्याच्या विडी कामगारांच्या पेटीतले कागद वाचून. हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीतून पुंजी साठवून घर घ्यावे, आणि हाती असावी नुसती इसारपावती! १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५४ वे कलम सांगते, की शंभर रुपये वा अधिक किमतीचे घर विकत घेतल्यास मालकी मिळते ती नोंदलेल्या खरेदीखतानेच. नुसत्या कराराने नाही. मुखत्यारपत्रानेही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बजावले. तरीही विकणाऱ्याचाच हक्क खोटा असेल, तर नोंदणी तो खरा करीत नाही. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तीस वर्षांचा शोध घ्यावा, आखीव पत्रिका वा सातबारा पाहावा. उमगले नाही तर थांबावे. घाई विकणाऱ्याला असते, पुंजी आपली जाते.